साडेपाचशे रुपयांचा संच आणि दहा बाय दहाची खोली

डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचे वन बीएचके आहे. चटई क्षेत्र ३८० चौरस फूट, आणि त्यात आई, आम्ही दोघे व यंदा दहावीत गेलेली मुलगी अशी चार माणसे राहतो. मुलीला अभ्यासासाठी बसायला एक ठरलेली जागा हवी होती. नवे टेबल घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते आणि घेतले असते तरी ते ठेवायला भिंत नव्हती. म्हणून एप्रिलमध्ये आम्ही असे ठरवले की नवे काही आणायचे नाही, आहे तेच सामान पुन्हा नव्याने मांडायचे आणि सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसवायचा. त्या खर्चातली सर्वांत मोठी रक्कम, म्हणजे ५४९ रुपये, ज्या वस्तूवर गेली तिच्याविषयी मी लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे जड फर्निचर उचलून चाकांवर सरकवण्याचा पाच नगांचा संच.

अगदी याच बनावटीचे संच बाजारात अनेक नावांनी मिळतात आणि खाली सांगितलेले गुणदोष त्या बनावटीचे आहेत, त्यामुळे मी नाव देत नाही. खोक्यात एक पोलादी दांडा आणि चार चौकोनी ट्रॉल्या येतात. दांडा सुमारे तेरा इंच लांब असून त्याचे टोक चपटे व पुढे आलेले आहे. ते टोक सामानाच्या पायाखाली घालायचे आणि मूठ खाली दाबायची. प्रत्येक ट्रॉली साधारण तळहाताएवढी, वरून घसरू नये म्हणून रबरी थर लावलेली आणि खाली चार बारीक चाके बसवलेली आहे. तत्त्व साध्या तरफेचे आहे. आमच्या दांड्याची मुठीकडची भुजा जवळपास बारा इंच आणि टोकाकडची दीड इंच भरते, म्हणजे हाताने लावलेला जोर टोकाशी सुमारे आठ पट होऊन पोचतो. माझ्या पत्नीने, कपडे अर्धे तसेच ठेवलेल्या लोखंडी कपाटाची एक बाजू, एका हाताने दांडा दाबून इंचभर उचलली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच फार आनंद झाला, कारण २०११ साली या घरात राहायला आल्यापासून ते कपाट आम्ही एकदाही हलवले नव्हते.

हे कपाट का हलवले नव्हते, याचा विचार केल्यावर मला या वस्तूचे खरे मोल कळले. कपाट आहे तिथेच राहावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नव्हते. पण ते हलवायचे तर नाक्यावरून दोन माणसे आणावी लागत, एका फेरीचे ते आठशे रुपये सांगत, आणि ती माणसे दाराशी उभी असताना कपाट नेमके कुठे ठेवायचे हे आपल्याला पक्के ठाऊक असावे लागे. लहान घरात ते पक्के ठाऊक असणे जवळजवळ अशक्य आहे. मुलीने आलेख कागदावर एक सेंटीमीटरला एक फूट असे प्रमाण धरून खोली काढली, पलंग, कपाट आणि टेबल यांचे तुकडे कापले आणि संध्याकाळभर ते फिरवून पाहिले. त्या कागदाचा उपयोग झालाच. परंतु कपाटाचे दार किती उघडते, रात्री अंधारात उठलेल्या माणसाचा गुडघा कुठे आपटतो, पंख्याचा वारा कोणापर्यंत पोचतो, या गोष्टी कागदावर दिसत नाहीत. त्या सामान प्रत्यक्ष ठेवून, एक रात्र त्या मांडणीत काढल्यावरच कळतात.

आमची झोपण्याची खोली दहा बाय दहाची आहे. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी, पूर्वेच्या भिंतीला उत्तर कोपऱ्याजवळ दार. पलंग पाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब; तो दक्षिणेच्या भिंतीला डोके टेकवून मधोमध होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना अडीच अडीच फुटांची वाट सुटलेली होती, जिचा चालण्याखेरीज काही उपयोग नव्हता. छत्तीस इंच रुंद, एकोणीस इंच खोल आणि साडेसहा फूट उंच असे ते लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून, खिडकीचा फूटभर भाग झाकून उभे होते.

पहिल्या प्रयत्नात आम्ही कपाट उत्तरेच्या भिंतीला, दाराशेजारी नेले. कागदावर ते उत्तम बसत होते. प्रत्यक्षात कपाटाचे दार उघडले की खोलीचे दार अडे आणि आई आंघोळीनंतर साडी काढायला उभी राहिली की बाकीच्यांनी बाहेर थांबायचे, असा प्रकार झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पलंग पश्चिमेच्या भिंतीकडे, खिडकीखाली सरकवला. त्याने खोली मोकळी वाटली खरी, पण टेबलाला उरलेली जागा दाराच्या मागे होती आणि तिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागत होता. तिसऱ्या प्रयत्नात पलंग दक्षिणेला डोके ठेवूनच पूर्वेच्या कोपऱ्यात गेला, कपाट दक्षिणेच्याच भिंतीला पलंगाशेजारी चार इंचांची फट ठेवून उभे राहिले आणि वायव्येच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या भिंतीला लागून, तीन बाय दोनचे आमचे जुने घडीचे टेबल बसले. तिथे बसले की खिडकी डाव्या हाताला येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून असावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही, हे आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलेले तत्त्व इतक्या वर्षांनी माझ्या घरात अमलात आले.

आईचा वास्तूवर विश्वास आहे आणि उत्तरेला डोके करून झोपायला तिची तयारी नसते, हे आम्ही आधीपासून गृहीत धरले होते. शेवटच्या मांडणीत डोके दक्षिणेलाच राहिले आणि कपाट दक्षिणेच्या भिंतीला, नैऋत्येकडे, उत्तरेला उघडणारे झाले, जे वास्तूच्या नियमात जड कपाटासाठी चांगले मानतात. तिचे समाधान झाले हे मला खोलीतल्या मोकळ्या जागेइतकेच महत्त्वाचे वाटते. पंखा मात्र छताच्या मधोमध असल्याने आता पलंगाच्या बाहेरच्या कडेवर येतो. रात्री उठावे लागते म्हणून बाहेरच्या बाजूला आईच झोपते, तेव्हा वारा तिला भरपूर मिळतो. भिंतीकडे झोपणाऱ्या मुलीला मे महिन्यात टेबलफॅन लावून द्यावा लागला.

एवढे तीन प्रयत्न माणसे बोलावून केले असते तर केवळ मजुरीचे चोवीसशे रुपये झाले असते, आणि खरे सांगायचे तर पहिल्या फेरीनंतरच, झाले तेच बरे असे म्हणून आम्ही थांबलो असतो. चुकलेली मांडणी दुसऱ्या दिवशी फुकटात मोडता येते, हा या संचाचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण आहे.

आता दोषांकडे वळतो. खोक्यावर दीडशे किलोचा भार पेलण्याची हमी छापलेली आहे. ती मी अक्षरशः घेणार नाही. कपाटाचे खालचे दोन कप्पे आणि लॉकर भरलेले ठेवून आम्ही ते सरकवले तेव्हा एका ट्रॉलीचे प्लास्टिक मध्यभागी वाकले आणि तिच्या एका चाकाची पिन तिरकी झाली. त्यानंतर आम्ही कपाट पूर्ण रिकामे करूनच हलवले आणि काही त्रास झाला नाही. दुसरे म्हणजे, आमच्या संचातली चाके एकाच दिशेला फिरतात. सरळ रेषेत सामान इतके सहज जाते की एका माणसाचा हलका रेटा पुरतो, पण काटकोनात वळवायचे असेल तर चारही कोपरे पुन्हा उचलून ट्रॉल्या फिरवून ठेवाव्या लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत वळण प्रत्येक पावलाला येते, त्यामुळे थोडे जास्त पैसे पडले तरी सर्व दिशांना फिरणाऱ्या चाकांचा संच घ्यावा असे मी सुचवेन.

फरशीचा प्रश्न आणखी महत्त्वाचा आहे. आमच्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि तिथे ट्रॉल्या आवाज न करता धावल्या. झोपण्याच्या खोलीत अजून जुनी मोझॅकची फरशी आहे. तिच्या दोन लाद्या किंचित वर आलेल्या आहेत आणि तेवढ्या कंगोऱ्यावरही ती बारीक चाके अडकली. त्या ठिकाणी आम्ही जुन्या गोधडीची जाड घडी कपाटाच्या पायांखाली घालून ते ओढले, जी पद्धत आपल्या घरोघरी पूर्वीपासून चालत आली आहे आणि जिला या संचाने पूर्णपणे रजा दिलेली नाही. खोलीच्या दारातली दगडी पट्टी तर ट्रॉलीवरून ओलांडताच येत नाही. ज्यांना सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचे आहे त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

दांड्याचे टोक आत जाण्यासाठी सामानाखाली थोडी तरी फट लागते. लोखंडी कपाटाला पाय असतात, तिथे अडचण नाही. आमचा पलंग बॉक्सचा आहे आणि त्याची प्लायची फळी थेट जमिनीला टेकते. तिथे आधी लाकडी पाचर ठोकून फट करावी लागली आणि तसे करताना सनमायकाचा एक टवका उडाला. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचे फर्निचर असेल तर दांडा कडेला न लावता उभ्या फळीच्या बरोबर खाली लावावा, नाहीतर कोपराच तुटेल. फ्रिज आम्ही या संचाने हलवला नाही, कारण त्याच्या तळाशी दांडा लावण्याजोगी भक्कम जागा मला दिसली नाही.

सुरक्षिततेविषयी माहितीपत्रकात फारसे काही नाही, म्हणून अनुभवावरून सांगतो. उंच कपाट नेहमी त्याच्या अरुंद अंगाकडून, म्हणजे डाव्या किंवा उजव्या कडेकडून उचलावे. समोरून उचलले तर पाया एकोणीस इंचांचाच असल्याने ते बरेच अधिक कलते. ढकलताना हात कमरेच्या खाली ठेवावेत, दुसऱ्या माणसाने समोरून नुसता आधार द्यावा आणि दारे दोरीने बांधून ठेवावीत. आमच्या कपाटाच्या दारावर आरसा आहे, त्यामुळे ही काळजी आम्ही तिन्ही वेळा घेतली. ठरलेल्या जागी पोचल्यावर पायांखाली फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाचे, तुकडे चिकटवले.

कपाट बाजूला झाल्यावर जे दिसले त्याची मात्र आम्हाला कल्पना नव्हती. पश्चिमेची भिंत बाहेरची आहे, पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारा झोडपा तिच्यावरच बसतो, आणि कपाट भिंतीला चिकटून असल्याने मागे हवा खेळत नव्हती. माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी होती, कपाटाची पाठ खालून गंजली होती आणि आईच्या खोकल्यासाठी आम्ही इतकी वर्षे धुळीला दोष देत होतो. तिच्या खोकल्याचे कारण तीच बुरशी होती असे मी म्हणणार नाही, परंतु ती भिंत खरवडून, सुकवून मोकळी ठेवल्याचे मला फार समाधान आहे. गंजलेल्या भागाला पॉलिश पेपर घासून रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावला. आता त्या भिंतीला काहीही टेकवायचे नाही असा घरात नियम केला आहे, आणि टेबलही तिच्यापासून चार इंच दूर ठेवले आहे.

हॉलमध्ये आम्ही दिवाण आणि टीव्हीचे शोकेस यांची अदलाबदल केली. केबलची वायर जेमतेम पुरली आणि तासाभरात काम उरकले.

खर्च असा झाला: संच ५४९ रुपये, फेल्टचे तुकडे १२० रुपये, टेबलापर्यंत वीज नेण्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड ३८० रुपये, रेड ऑक्साइड व ब्रश १४० रुपये. बेरीज ११८९ रुपये. दोन हजारांतून उरलेल्या पैशांत मुलीला टेबलावरचा दिवा घेऊन दिला.

ज्यांचे फर्निचर भिंतीत बसवलेले आहे किंवा ज्यांना एकदाच, एकच वस्तू हलवायची आहे, त्यांनी हा संच घेण्यापेक्षा दोन माणसे बोलावावीत. बाकीच्यांना, विशेषतः भाड्याच्या किंवा लहान घरात राहणाऱ्या आणि सुतारकामाला पैसे नसलेल्या कुटुंबांना, मी तो घ्यायला नक्की सांगेन; दोन-तीन घरांनी मिळून घेतला तरी चालेल. आमचा संच सध्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे असतो आणि वाकलेल्या पिनेच्या चाकाची माहिती आम्ही खोक्यावर लिहून ठेवली आहे. परवा मात्र आम्ही तो तासाभरासाठी परत आणला होता. कपाटाचे डावे दार उघडताना पलंगाच्या चादरीला घासते अशी आईची तक्रार होती. सामान काढण्या-भरण्यातच बहुतेक वेळ गेला, कपाट पलंगापासून दोन इंच बाजूला सरकवायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.