ओके-एचटीटीपीचा ऑथेंटिकेटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

गावोगाव फिरून नोंदी करणाऱ्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या अँड्रॉइड ॲपमध्ये आम्ही सर्व्हरशी होणारा सगळा टोकनयुक्त (लॉगिननंतर मिळणारी, ओळख पटवणारी खूण जोडलेला) व्यवहार स्क्वेअर कंपनीच्या ओके-एचटीटीपी या मुक्तस्रोत लायब्ररीतील इंटरसेप्टर आणि ऑथेंटिकेटर या दोन सोयींवर आणला, आणि त्यावर नेहमीप्रमाणे रेट्रोफिट (सर्व्हरचे कॉल साध्या फंक्शनांसारखे लिहू देणारी लायब्ररी) ठेवले. नेटवर्क येते-जाते अशा भागांत हे ॲप दिवसभर चालते. त्यामुळे कार्यालयातील वाय-फायवर कधीच न दिसणाऱ्या गोष्टी या काळात पाहता आल्या, आणि हा अभिप्राय मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

लायब्ररीने केलेली कामाची विभागणी मला सर्वांत जास्त आवडली. प्रत्येक रिक्वेस्टला टोकनाचे हेडर जोडणे हे इंटरसेप्टरचे काम, तर सर्व्हरने ४०१ (ओळख पटली नाही, असा संकेतांक) दिल्यावर पुढे काय करायचे हे ठरवणे ऑथेंटिकेटरचे. ऑथेंटिकेटरने नवी रिक्वेस्ट परत केली की लायब्ररी ती पुन्हा पाठवते. नल (रिकामे मूल्य) परत केला की ४०१ चे उत्तर जसेच्या तसे ॲपच्या हाती येते. मधल्या काळात टोकन बदलले याची ॲपचा पडदा चालवणाऱ्या कोडला गंधवार्ताही नसते. प्रमाणकानुसार ४०१ सोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हे हेडर यायला हवे, परंतु अनेक सर्व्हर ते पाठवत नाहीत. लायब्ररी त्यावर अडून बसत नाही, हे व्यवहारात फार सोयीचे ठरते. मात्र मुदत संपलेल्या टोकनासाठी सर्व्हर ४०३ (परवानगी नाही) देत असेल, किंवा २०० (सर्व ठीक) देऊन आतल्या मजकुरात चूक कळवत असेल, तर ऑथेंटिकेटर जागाच होत नाही. आमच्या एका जुन्या सेवेची तीच रीत होती, आणि ती सर्व्हरवरच बदलून घ्यावी लागली.

खरी कसोटी लागते ती एकाच वेळी सुटणाऱ्या रिक्वेस्टच्या बाबतीत. सकाळी ॲप उघडले की मुख्य पडदा चार-पाच रिक्वेस्ट एकदम पाठवतो, रात्रीचे टोकन संपलेले असते, आणि प्रत्येकीला स्वतंत्र ४०१ मिळून ऑथेंटिकेटरही प्रत्येकीसाठी स्वतंत्रपणे चालतो. जानेवारी २०२५ मधील आरएफसी ९७०० या टोकन-सुरक्षेच्या मार्गदर्शक दस्तऐवजाला अनुसरून सर्व्हर रिफ्रेश टोकन (नवे टोकन मागण्यासाठीचे वेगळे टोकन) प्रत्येक वापरानंतर बदलत असेल, तर पहिली रिक्वेस्ट नवे टोकन मिळवते, दुसरी मात्र वापरून झालेले रिफ्रेश टोकन घेऊन जाते. सर्व्हर त्याला चोरी समजतो आणि संपूर्ण लॉगिन रद्द करतो. लायब्ररी यासाठी तयार व्यवस्था देत नाही, ती आपणच लिहायची असते. लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घ्यावा, आत शिरल्यावर नाकारल्या गेलेल्या रिक्वेस्टमधील टोकन आणि साठवलेले टोकन ताडून पाहावे, आणि ते वेगळे असेल तर नवे न मागवता साठवलेले टोकन जोडून तीच रिक्वेस्ट परत पाठवावी.

त्यातही एक खाच आहे. एन्क्यू पद्धतीने (रांगेत लावून) पाठवलेल्या रिक्वेस्टवर लायब्ररीचा डिस्पॅचर (रांग सांभाळणारा भाग) एका वेळी एकूण ६४ आणि एका होस्टसाठी (सर्व्हरच्या पत्त्यासाठी) ५ अशी मूळ मर्यादा ठेवतो, आणि रेट्रोफिटची सस्पेंड फंक्शने (कॉटलिनमधील, उत्तराची वाट पाहताना थ्रेड न अडवणारी) याच मार्गाने जातात. पाचही जागा लॉकपाशी थांबलेल्या असताना टोकन नवे करणारी रिक्वेस्ट त्याच डिस्पॅचरवर गेली, तर तिला जागाच मिळत नाही आणि सगळेच एकमेकांची वाट पाहत बसतात. न्यूबिल्डर (असलेल्या क्लायंटवरून नवा बनवण्याची सोय) वापरून दुसरा क्लायंट बनवला म्हणजे भागले असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या मार्गाने बनलेला क्लायंट डिस्पॅचर मूळ क्लायंटचाच वापरतो. त्याला स्वतंत्र डिस्पॅचर द्यावा किंवा एक्झिक्यूटने (रांगेत न लावता) थेट कॉल करावा. शिवाय त्या क्लायंटवर हाच ऑथेंटिकेटर असता कामा नये, हे ओघाने आलेच.

थांबायचे कधी, हेही आपणच सांगायचे. न सांगितल्यास लायब्ररी वीस पुनर्प्रयत्नांपर्यंत जाते आणि मग प्रोटोकॉल एक्सेप्शन फेकते. मंद नेटवर्कवर तेवढा वेळ कर्मचारी फिरणारे चक्र पाहत बसतो. प्रायर-रिस्पॉन्स (आधीच्या प्रयत्नाचे उत्तर) तपासून दुसऱ्याच ४०१ ला नल परत करणे पुरेसे आहे. मात्र सर्व्हरने रिफ्रेश टोकन स्पष्टपणे नाकारणे आणि ते मागताना नेटवर्क तुटणे या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, कारण दुसऱ्या स्थितीत कर्मचाऱ्याला लॉगिनच्या पडद्यावर ढकलणे हा निव्वळ अन्याय आहे. सर्व्हरने नवे टोकन दिले आणि ते वाटेतच हरवले, या तिसऱ्या स्थितीला ॲपमध्ये उपाय नाही. तिथे जुने टोकन थोडा काळ चालू ठेवण्याची सवलत सर्व्हरनेच द्यावी लागते.

सुरक्षेच्या बाजूने लायब्ररी सावध आहे. दुसऱ्या होस्टकडे रीडायरेक्ट झाल्यास ती ऑथोरायझेशन हेडर काढून टाकते. परंतु हेडर जोडण्याचे काम नेटवर्क इंटरसेप्टरकडे दिले, तर तो प्रत्येक टप्प्यावर चालतो आणि काढलेले टोकन परक्या होस्टच्या हाती पुन्हा सोपवतो. म्हणून साधा ॲप्लिकेशन इंटरसेप्टरच वापरावा. बाहेरच्या होस्टवरील चित्रेही याच क्लायंटमधून येत असतील, तर आधी होस्ट तपासावा. लॉगिंगमध्ये रीडॅक्ट-हेडरने टोकन झाकता येते, पण मजकूर छापण्याची पातळी चालू असल्यास लॉगिनच्या उत्तरातील टोकन उघडे पडतेच. टोकन साठवणे हा या लायब्ररीचा विषयच नाही.

छायाचित्रे पाठवण्याबाबत थोडे अधिक. मोठी फाइल संपूर्ण चढल्यावर ४०१ आला तर डेटा आणि वेळ दोन्ही वाया जातात, आणि एकदाच वाचता येणारा मजकूर असेल तर लायब्ररी तो पुन्हा पाठवतही नाही. अपलोडपूर्वी टोकनाची उरलेली मुदत पाहून ते आधीच नवे करून घेण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे, आणि तिचा लाभ ग्रामीण भागात लगेच जाणवतो.

केवळ अँड्रॉइडसाठी काम असेल तर मी आजही हीच लायब्ररी निवडेन. आयफोनचे ॲपही त्याच कॉटलिन कोडमधून काढायचे असेल, तर केटॉर या कॉटलिनच्या नेटवर्क लायब्ररीचा विचार आधी करावा: त्याच्या ऑथ प्लगिनमध्ये बेअरर टोकन (वर सांगितलेले हेडरमधील टोकन) नवे करण्याची सोय अंगभूत आहे आणि वर सांगितलेल्या लॉकचा बराचसा भार तो स्वतः उचलतो. फक्त तो टोकन स्मृतीत धरून ठेवतो, त्यामुळे वापरकर्ता बाहेर पडताना ते आठवणीने पुसावे लागते.