ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: जुन्या पिकअपचं मिसिंग शोधायला कितपत उपयोगी?

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा हजाराच्या आतला हा स्कॅनर उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत एका जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल-सीएनजी पिकअपवर वापरलाय. तक्रार अशी: रिकामी गाडी सुरळीत पळते, माल भरून करूळ घाट चढताना मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याने झटके देते, पावसात जास्तच. उद्यमनगरात गॅरेजला लावली की मात्र काहीच नाही.

घेण्याआधी गाडी कुठल्या सालची ते बघा. बीएस-४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा, एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. बीएस-३ गाडीत स्कॅनर लावायचं सॉकेट असलं तरी मिसफायरचा (मिसिंगचा) कोड मिळेलच असं नाही.

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर, पी०३०० म्हणजे ठरावीक एक सिलिंडर नाही. पण खरे पैसे वसूल होतात ते फ्रीझ फ्रेममुळे. कोड पडला त्या क्षणाचा आरपीएम, लोड (इंजिनवरचा ताण), इंजिनचं तापमान त्यात साठवलेलं असतं. कमी आरपीएम आणि जास्त लोड दिसला तर आधी प्लग-कॉइलवर संशय घ्या. फक्त आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मिसिंग असेल तर व्हॅक्युमची गळती, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्ह. कोड पुसला की हे सगळं जातं, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा. बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक वेळा जातंच, आणि गॅरेजमध्ये पहिलं काम नेमकं तेच होतं!

फ्युएल ट्रिमवर (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) आंधळा विश्वास नको. आयडलला अधिक १५ आणि २५०० आरपीएमला ३-४ वर येत असेल तर व्हॅक्युम पाइप तपासा. पण ठिणगीच पडली नाही तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि ट्रिम उगाच वर चढतो. तेवढ्यावरून इंजेक्टर साफ करायला देऊ नका.

पुढचं काम हाताचंच. समजा कोड पी०३०३ आलाय, तर तीन नंबरची कॉइल एक नंबरवर टाका. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची. प्लगच्या चिनीमातीवर काळी बारीक रेघ दिसली तर प्लग आणि कॉइलचं रबर दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनं नव्यालाही खातं. अंधारात इंजिन चालू ठेवून कॉइलवर पाण्याचा हलका फवारा मारला की गळणारी ठिणगी दिसते (हात पट्ट्यापासून लांब). पावसातलं मिसिंग असंच सापडतं.

सीएनजीवरच झटके येत असतील तर प्लगचा गॅप आधी बघा. गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, पेट्रोलवर १.१ मिमीवर चालणारा प्लग सीएनजीला साधारण ०.७ ते ०.८ वर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. त्यानंतर गॅसचा फिल्टर. दोन्ही इंधनांवर, तेही गरम झाल्यावर आयडलला मिसिंग असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. सीएनजीवर व्हॉल्व्हची सीट झिजून ही फट कमी होते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना चारही प्लग बाहेर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखाद्या सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर स्कॅनर बाजूला ठेवा, बिघाड इंजिनाच्या आतच आहे.

खोट एकच त्रासाची: जुन्या के-लाइन (स्कॅनरशी बोलायची जुनी, संथ पद्धत) गाडीवर डेटा हळू येतो, एका वेळी तीन-चारच आकडे लावा. सॉकेटला कायम करंट असतो, गाडी उभी राहणार असेल तर काढून ठेवा.