क्राउन लेंग्थनिंग करून वाचवलेली दाढ: आठ महिन्यांनंतर

माझी उजवीकडची खालची मोठी दाढ हिरडीच्या एका छोट्या शस्त्रक्रियेनं, क्राउन लेंग्थनिंगनं, वाचली, त्याची ही गोष्ट. सहा वर्षांपूर्वी रूट कॅनल झालं होतं, कॅप बसवायची ती आज-उद्या करत राहिली. गेल्या मे महिन्यात भडंग खाताना दाण्यासारखं काहीतरी कडक लागलं आणि जिभेकडची अख्खी भिंत तुटून हातात आली. दुखलं अजिबात नाही, त्यामुळे मला वाटलं फार काही झालं नाही.

पहिल्या दवाखान्यात उरलेल्या दाढेवर सिमेंट भरून लगेच कॅप बसवली. तीन आठवड्यांत ती जेवताना निघाली. पुन्हा चिकटवली. या वेळी थोडी जास्त टिकली, पण आतल्या बाजूची हिरडी लालबुंद झाली, ब्रश लागला की रक्त यायचं, आणि सकाळी तोंडाला घाण वास. मी शाळेत शिकवते, दिवसभर मुलांच्या जवळ जाऊन बोलावं लागतं. त्या महिनाभरात मी तोंडावर रुमाल धरून बोलायला लागले होते. दवाखान्यात सांगितलं तर "नीट ब्रश करा" एवढंच उत्तर मिळालं. याचा राग मला अजून आहे, कारण दोष ब्रशचा नव्हता.

कॅप दुसऱ्यांदा निघाल्यावर बहिणीच्या सांगण्यावरून नाशिकमध्येच गंगापूर रोडला हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, मग भूल देऊन खुणा असलेली बारीक सळई हिरडीतून थेट हाडापर्यंत टेकवून मोजलं. म्हणाले, "ताई, दाढेची मुळं चांगली आहेत. पण तुटलेली कड हिरडीच्या खाली गेलीय. कॅपनं पकडायचं तरी काय?"

मग कागदावर काढून दाखवलं. हाडाच्या कडेपासून वर साधारण २ मिमी हिरडी दाताला चिकटलेली असते. त्या पट्ट्यात कॅपची कड घुसली की शरीर ते खपवून घेत नाही: हिरडी सुजते, रक्त येतं, कधी हाड मागे सरकतं. म्हणून हाड आणि कॅपची कड यांत निदान ३ मिमी अंतर लागतं. शिवाय कॅपच्या आत चहूबाजूंनी दीड-दोन मिमी खरा दात हवा, नुसतं सिमेंट चालत नाही. घरी सासूबाईंना हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं तसं. कडं लाकडाला आवळून बसलं तरच लाकूड फुटत नाही." मला डॉक्टरांच्या चित्रापेक्षा हे जास्त पटलं.

क्राउन लेंग्थनिंग म्हणजे दात वाढवणं नव्हे. हिरडी बाजूला करून, गरज असेल तिथे थोडं हाड घासून दाताचा झाकलेला भाग उघडा करायचा. माझं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झालं, तासभर लागला. भुलीच्या इंजेक्शनची कळ सोडली तर दुखलं काही नाही. हाड घासतानाचा आवाज मात्र कानाच्या आतून येतो आणि जबडा थरथरतो. मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला नसता. शेवटी काळ्या दोऱ्याचे टाके आणि वर जखम झाकायला पुट्टीसारखा गुलाबी पॅक.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल सुजला. आठवडाभर मऊ भात, मुगाची खिचडी, गार केलेली नाचणीची आंबील. पॅक चौथ्या दिवशी आपोआप निघाला, घाबरून फोन केला, तर "निघाला तरी चालेल, त्या बाजूनं चावू नका" म्हणाले. टाक्यांची टोकं जिभेला सारखी टोचायची. आठव्या दिवशी टाके काढले. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक औषधाच्या चुळांनी दातांवर तपकिरी डाग पडले आणि चहाची चवच गेली. डाग नंतर सफाईत निघाले, चव चुळा थांबवल्यावर परत आली. टूथपेस्ट आणि या चुळा यांत अर्धा तास जाऊ द्यायचा, नाहीतर औषधाचा असर कमी होतो.

खरा कस लागला तो वाट बघण्यात. हिरडी भरून आली असं वरवर दिसतं, पण तिची कड स्थिर व्हायला वेळ लागतो. मागच्या दाताला सहा ते आठ आठवडे, आणि हसताना दिसणाऱ्या पुढच्या दातांना तीन ते सहा महिने थांबतात. घाईनं माप घेतलं तर हिरडी नंतर मागे सरकून कॅपची कड उघडी पडू शकते. माझं माप नवव्या आठवड्यात घेतलं आणि दिवाळीच्या आधी झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची) कॅप बसली. तोवर तात्पुरती कॅप होती. पैसेही तीनदा मोजावे लागले: शस्त्रक्रिया, आतलं नवीन फिलिंग, आणि कॅप. पहिल्याच दिवशी तिन्हींचा आकडा एकत्र विचारून घ्या. पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, खर्च जड जात असेल तर तिथेही विचारा.

आता दाढ कशी आहे? रक्त नाही, वास नाही, कॅप हललेली नाही. भाकरी, ऊस सोडून सगळं त्या बाजूनं खाते. पण शेजारच्या दाढेजवळचं हाडही थोडं घासावं लागलं होतं, त्यामुळे दोन दाढांच्या मध्ये फट पडलीय. मिसळीतली शेव, मटकीची सालं तिथे हटकून अडकतात. रोज रात्री फटीतला बारीक ब्रश फिरवावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचं नळाचं पाणी शेजारच्या दाढेला असं झोंबायचं की मी कोमट पाण्यानं चूळ भरत होते. पोटॅशियम नायट्रेटच्या टूथपेस्टनं दीडेक महिन्यात बरंच कमी झालं. फटीबद्दल आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

माझ्या जावेलाही हेच करायचं होतं, तिला मात्र डॉक्टर नाही म्हणाले. तिच्या दाढेची मुळं जिथून वेगळी होतात ती जागा हाडाच्या कडेला अगदी जवळ. तिथलं हाड काढलं तर मुळांमधली खाच उघडी पडली असती आणि ती साफ करणं कठीण. तिला दात काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) सुचवलं, तिचं अजून ठरत नाहीये. काही दातांना तारेनं हळूहळू वर ओढून घेण्याचाही पर्याय असतो, त्यात शेजारच्या दाताचं हाड वाचतं. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा तंबाखू खात असाल तर तपासणीतच सांगा. यावर जखम भरणं आणि रक्त थांबणं अवलंबून असतं.

जूनमध्ये पुन्हा एक्स-रे आहे. शेजारच्या दाढेला थंड द्राक्षं अजून किंचित लागतात, ते तेव्हा दाखवणार आहे.