नमुना निवडीची कार्यशाळा, कॉलेज रोड, नाशिक

सर्वेक्षणावरील ही दोन दिवसांची कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. शिक्षकांनी द्राक्षांच्या क्रेटमधले वरचे टपोरे घड बाजूला काढले, तेव्हा खालचे बारीक मणी दिसले आणि सोयीने उचललेला नमुना कसा फसवतो हे तत्काळ पटले. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या, तरीही अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरतील हा अंदाज साफ चुकला, कारण नावे मुख्यतः दूरध्वनी व मोटारनोंदणीच्या याद्यांतून, म्हणजे तुलनेने सधन लोकांतून, घेतली होती आणि उत्तर न देणाऱ्यांचा कलही निराळा होता, हा भाग त्यांनी फार समरसून शिकवला. स्तरित नमुन्याचा (लोकांचे गट पाडून प्रत्येक गटातून निवडलेल्या नमुन्याचा) विषय मात्र अर्ध्या तासात उरकला, याची मला रुखरुख लागून राहिली आहे.