मुंबई टांकसाळीचा ट्रेड डॉलर परदेशातून घेताना: स्लॅब की लिलावगृह?

ब्रिटिश ट्रेड डॉलर 1895 पासून मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला, पण तो इथे खर्चायला नव्हताच. तो जहाजाने हाँगकाँगला, सिंगापूरला, चिनी बंदरांत जायचा आणि तिकडेच फिरायचा. त्यामुळे आजही चांगला नग हवा असेल, तर बहुतेक वेळा परदेशातूनच मागवावा लागतो. बनावट नाणी करणाऱ्यांचंही हे आवडतं नाणं आहे. मोठं, चांदीचं, ओळखीचं, आणि वर्षानुसार भावात भरपूर फरक. वर्ष, ग्रेड (नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याचा दर्जा), भाव यांचं गणित वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून थेट मुद्द्यावर येतो.

अनोळखी विक्रेत्याकडचं सुटं नाणं मी तुलनेतच घेत नाही. एकदा असेच विक्रीला लावलेले फोटो चाळत होतो. एका डॉलरवर 1901, दुसऱ्यावर 1908, विक्रेते दोन वेगळ्या देशांतले. दोन्ही नाण्यांची चिनी अक्षराची बाजू मोठी करून शेजारी-शेजारी लावली, तर नक्षीच्या एकाच वळणावर तीच तिरकी खोच, तेवढीच लांब. खऱ्या नाण्यांना मार लागतो तो ज्याचा त्याचा वेगळा. दोन वेगळ्या वर्षांच्या नाण्यांवर एकाच जागी एकच खोच आली, म्हणजे कुठल्यातरी खऱ्या नाण्यावरून ठसा उतरवलाय आणि त्या नाण्याची जखमही सगळ्या नकलांवर उतरलीय. असे ठसे वापरून पुरेशा चांदीत नाणं पाडलं, तर वजन खऱ्या नाण्याच्या 26.95 ग्रॅमच्या जवळ जातं, लोहचुंबकही काही सांगत नाही. फोटो बघून अशा नाण्यावर पैसे लावणं मला पटत नाही.

उरतात दोन रस्ते. एक, नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपन्यांच्या डबीत बंद केलेलं, म्हणजे स्लॅबमधलं नाणं. दुसरा, लंडनच्या स्पिंक किंवा नूनन्ससारख्या लिलावगृहातून घेतलेलं.

स्लॅबची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. या दोन्ही अमेरिकी कंपन्या 1980 च्या दशकात सुरू झाल्या आणि आज जगभर त्यांचा शब्द चालतो. डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकला की वर्ष, ग्रेड, आणि बऱ्याच नाण्यांचे फोटोही दिसतात. पण खोट्या डब्याही निघतात, आणि त्यांवरचा नंबर कुठल्यातरी खऱ्या नाण्याचा उचललेला असतो. म्हणून नुसता नंबर जुळून भागत नाही. साइटवरचा फोटो उघडायचा आणि नाण्यावरचे डाग, ओरखडे, चांदीवर चढलेला रंग, सगळं एकेक करून ताडून बघायचं. साइटवर फोटोच नसेल तर मी ते नाणं सोडून देतो. एवढं केलं तर स्लॅब पुष्कळ सुरक्षित आहे, असं माझं मत आहे. नाणं फार पारखता येत नसेल, त्याला तर हा मोठाच आधार.

तरीही माझं मन दुसरीकडे झुकलं, त्याला कारण परतीचा रस्ता.

एका परदेशी विक्रेत्याकडून मी 1899 चा स्लॅबमधला डॉलर घेतला. जाहिरातीतला फोटो कंपनीच्या फोटोशी तंतोतंत जुळत होता. पार्सल उघडलं तर आत नंबर तोच, नाणं मात्र वेगळं. फोटोत ब्रिटानियाच्या, म्हणजे नाण्यावरच्या त्रिशूळधारी स्त्रीच्या, पायाशी निळसर-तपकिरी रंग होता. हातातलं नाणं सगळीकडे एकसारखं पांढरं, आणि त्रिशुळाच्या मधल्या टोकावरचा बी, म्हणजे मुंबई टांकसाळीची खूण, भिंगातूनही धड दिसेना. विक्रेत्याला लिहिलं. त्याने वाद घातला नाही. परत पाठवा, पूर्ण पैसे देतो, म्हणाला.

पण पाठवायचं कसं? आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं झालेलं नाणं त्यात पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. माझ्या हातातलं नाणं नकली, म्हणजे पुरावस्तू नव्हेच; पण त्याच्यावर ठसठशीत 1899 लिहिलेलं. ते पुरावस्तू नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आणा, मग बोलू, असं सांगितलं गेलं. शिवाय बऱ्याच कुरिअर कंपन्या नाणी घेतच नाहीत. दाखल्याच्या मागे फिरेपर्यंत परतीची मुदत टळली आणि पैसे गेले. ग्रेडिंग कंपनीची हमी वापरायची तरी नाणं आधी त्यांच्यापर्यंत पोचवावं लागतं, आणि इथे तर डबीच त्यांची नव्हती.

तेव्हापासून माझा हिशेब बदलला. परतीची हमी कितीही उदार असो, भारतात बसलेल्या माणसाने ती शून्य धरावी. जी काही खात्री करायची, ती नाणं तिकडून निघण्याआधी. आणि निघण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर कोण देतं, यात लिलावगृह मला उजवं वाटतं.

लिलावाच्या आधी मेल टाकली की वजन, कडेचा फोटो, हव्या त्या भागाचा मोठा फोटो मिळतो, निदान मला तरी दर वेळी मिळाला आहे. बोलीआधी नाणी प्रत्यक्ष बघायला ठेवतात. माझा भाचा लंडनला असतो, तो एकदा भिंग घेऊन जाऊन आला. नाणं आधी कुणाच्या संग्रहात होतं हेही पुष्कळदा वर्णनात असतं, आणि प्रिडमोरसारख्या जुन्या संग्राहकाकडून आलेलं नाणं असेल तर अलीकडच्या नकलांची भीती जवळजवळ उरत नाही. जे नाणं तिथे दाखवलं, तेच पार्सलमध्ये येणार, हा भरवसा माझ्या लेखी डबीपेक्षा मोठा आहे.

अर्थात हे महाग पडतं. बोलीवर लिलावगृहाचा वीस टक्क्यांच्या वर प्रीमियम, वर विमा, टपाल आणि इथली कस्टम ड्यूटी. साध्या वर्षाच्या, झिजलेल्या डॉलरसाठी हा खर्च अंगावर येईल. शिवाय तिथून आलेलं नाणं उद्या खोटं निघालं, तर तेही परत पाठवणं तितकंच अवघड. मला एवढंच वाटतं की ती वेळ येण्याची शक्यता तिथे कमी आहे.

1929 किंवा 1930 चा मुंबईचा डॉलर हवा असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. ही नाणी अजून शंभरीला पोचलेली नाहीत, त्यामुळे परत पाठवताना पुरावस्तूचा अडसर नाही आणि फोटो जुळणारा स्लॅब खुशाल घ्यावा. त्याआधीच्या वर्षांसाठी, विशेषतः दुर्मीळ वर्षासाठी, थोडं थांबून लिलावाची वाट बघणं मला बरं वाटतं. मेलमध्ये तीन गोष्टी मागा: ग्रॅममधलं वजन दोन दशांशांपर्यंत, कड दिसेल असा तिरका फोटो, आणि त्रिशुळाच्या मधल्या टोकाचा जवळून घेतलेला फोटो. उत्तर यायला दोन-चार दिवस लागतात, म्हणून लिलाव अगदी तोंडावर येईपर्यंत थांबू नका.