कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन मागवली, त्याचा अनुभव

बाबांच्या डाव्या पायाची लांबी २६.४ सेंटिमीटर आणि उजव्याची २५.८. हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही कोल्हापूरच्या एका चप्पलवाल्यांनी विचारलं म्हणून.

आम्ही नागपूरचे. बाबा पोस्टातून निवृत्त झाले, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. १९९८ मध्ये अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते तेव्हा त्यांनी तिथून कोल्हापुरी चप्पल आणली. दोनदा तळ बदलला, वेणी एकदा नव्याने लावली, पण या दिवाळीत तळ मधोमध चिरला आणि चांभारदादांनी हात जोडले. फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे. धोतर आणि कोटावर बाबांना कोल्हापुरीच पाहिजे. या वयात त्यांना कोल्हापूरपर्यंत नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी फोनवर शोधायला लागले.

या दुकानाच्या आधी एकीकडे फसले होते, ते सांगते. मागच्या वर्षी स्वतःसाठी एका पेजवरून चप्पल मागवली. फोटोखाली किंमत नव्हतीच, विचारलं तर ‘प्राइस इनबॉक्स’. इनबॉक्समध्ये विचारलं, "माझा पाय रुंद आहे, बसेल का?" उत्तर आलं, "येस डिअर." चामडं कुठलं आहे विचारलं, "प्युअर डिअर." परत घेता का विचारलं, त्यावर फक्त हात जोडल्याचं चित्र. पैसे भरले आणि आली ती रेक्झिनची चप्पल, माझा पाय निम्माच आत जात होता. नंतर एकाही मेसेजला उत्तर नाही. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, दीड महिन्याने पैसे परत आले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सगळा खर्च धरून एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी गिऱ्हाइकाला आधीच सांगाव्या लागतात, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात ती निकाली काढावी लागते, हे मला त्या भानगडीतच समजलं.

त्यामुळे यावेळी मी ठरवलं होतं की समोरचा प्रश्नांना कसं उत्तर देतो ते आधी बघायचं, पैसे नंतर. मी स्वतः बँकेच्या काउंटरवर बसते. दिवसभर तेच तेच प्रश्न ऐकणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच उत्तर देताना माणूस समोरच्याचा विचार करतोय की त्याला वाटेला लावतोय, हे मला लगेच कळतं.

या दुकानाला मी पहिला मेसेज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊला टाकला. "भाऊ, वडिलांसाठी कापशी चप्पल हवी आहे, आठ नंबर. मऊ आहे ना? किंमत काय?" कापशी हा कोल्हापुरीचाच एक प्रकार. पंधरा मिनिटांत किंमत आली: १८५० रुपये, कुरिअरचे १२० वेगळे, एकूण १९७०. त्याच्या खाली एक व्हॉइस मेसेज. तो मी अजून जपून ठेवलाय. "ताई, मऊ हाय म्हणून सांगितलं तर खोटं हुईल. नवी कोल्हापुरी पहिले आठ-दहा दिस कडकच असती. बाबांचं वय काय? आणि शुगर हाय का त्यास्नी?"

आहे. अकरा वर्षांपासून.

मी तसं लिहिलं. मला वाटलं, आता हे ‘सॉफ्ट कुशन’वाली वेगळी महागडी जोडी दाखवतील. पण पुढचा मेसेज असा होता: "मग थांबा जरा. आधी डॉक्टरांना विचारा. पायाला बधिरपणा असंल तर ही चप्पल घेऊ नगा. अंगठ्याला चावली तरी त्यास्नी कळणार न्हाई, आणि जखम झाली तर ती लवकर भरत न्हाई. डॉक्टर हो म्हणाले तर मला सांगा, तवर ऑर्डर घेत न्हाई."

विकणारा माणूस गिऱ्हाइकाला थांबवतोय! १९७० रुपये समोर ठेवलेले असताना. मी तो मेसेज आईला ऐकवला, बाबांना ऐकवला, दुसऱ्या दिवशी ऑफिसातही ऐकवला. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला स्वतःला सुचायला हवा होता. बाबांची औषधं मी आणते, साखर मी तपासते, पण चप्पल घेताना पायाचा विचार माझ्या मनातच आला नाही.

आमच्या डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून बघितला. प्रत्येक वेळी बाबा "हो" म्हणाले. संवेदना शाबूत आहेत, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घालून: सुरुवातीला घरातच, अर्ध्या तासाच्या वर नाही, आणि रोज रात्री दोन्ही पाय उजेडात नीट बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा. मी हे सगळं जसंच्या तसं दुकानाला कळवलं.

मग आलं मापाचं काम. आठ नंबर म्हटल्यावर विषय संपला असं मला वाटलं होतं. त्यांनी मात्र नंबर घेतलाच नाही. म्हणाले, "संध्याकाळी माप घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो. बसून नको, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा. पेन्सिल सरळ उभी धरा, तिरकी धरली की माप खोटं येतंय." मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून फरशीवर टाकली. बाबा खिडकीचा गज धरून उभे राहिले. पेन्सिल पायाच्या कडेने फिरवताना करंगळीखालचं हाड बाहेर आलेलं दिसलं, डाव्या पायाचा अंगठा थोडा आत वळलेला दिसला. सायकलवरून पडून तो पाय मोडला होता, तेव्हा मी चौथीत होते. त्याच पायाचं माप उजव्यापेक्षा सहा मिलिमीटर जास्त निघालं. बोटांच्या मुळापाशी पायाचा घेरही त्यांनी दोरीने मोजायला सांगितला. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला आणि पाठवला.

उत्तर आलं, दोन्ही चपला वेगवेगळ्या मापाच्या करतो, डाव्या पायाचा पट्टा थोडा रुंद ठेवतो, जास्तीचे पैसे नाहीत.

यानंतर मी प्रश्नांचा भडिमारच केला. चामडं कुठलं? तळ म्हशीच्या चामड्याचा, वरची वेणी बकऱ्याच्या, हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं. खिळे आहेत का? नाही, चामड्याच्याच वादीने शिवलेली. मग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न विचारला: अस्सल कोल्हापूरचीच आहे ना? इथे बहुतेक जण छातीठोकपणे "हंड्रेड पर्सेंट" म्हणतील. हे म्हणाले, "ही जोडी अथणीच्या कारागिराकडनं करून घेणार हाय. अथणी बेळगाव जिल्ह्यात येतं, कर्नाटकात. चालंल का?" आणि मग समजावून सांगितलं की कोल्हापुरी चपलेची जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, नोंदणी आठ जिल्ह्यांची आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन्हीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आलेत. अथणीची म्हणून ती कमअस्सल होत नाही. मला हे माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. तरी सांगितलं.

पैसे आधी भरायचे म्हटल्यावर मागचा अनुभव आठवून माझा हात अडला, तेही मी त्यांना मोकळेपणाने सांगितलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या कारागिराकडे गेल्यावर तिथूनच व्हिडिओ कॉल केला. छोटीशी खोली, जमिनीवर पोतं, भिंतीला लावलेल्या चपलांच्या जोड्या. एक वयस्क गृहस्थ रापीने तळ कापत होते, शेजारी बसलेल्या बाई आरीने भोक पाडून त्यातून वादी ओढून घेत होत्या. वादी ओढली की चामड्याचा करकर आवाज यायचा, तो फोनमधूनही ऐकू येत होता. बाबांच्या पायाचा फोटो त्यांनी खऱ्या मापात छापून घेतला होता, तो कागद तळाच्या चामड्याखाली ठेवलेला दिसत होता. मी तेव्हाच पैसे पाठवले.

बोलण्याच्या ओघात त्यांनी एक सांगितलं, ते विक्रेत्याच्या बाजूने इथे नोंदवते. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यानंतर यांच्याकडे मेसेजचा पूर आला. दिवसाला साठ-सत्तर. त्यातले निम्मे नुसतं ‘प्राइस?’ विचारून गायब होणारे, उरलेले ‘लास्ट किती?’ विचारणारे. मी विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाले, "येतो की. पण विचारणाऱ्याला काय म्हाईत, आपण सकाळपासनं कितव्यांदा सांगतोय ते." काउंटरवर बसणारी बाई म्हणून हे वाक्य मला फार लागलं. आपणही विचारताना जरा नीट विचारावं. पायाचं माप, कुठे वापरणार, रोज की समारंभापुरती, एवढं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं तर त्या माणसाचे चार मेसेज कमी होतात.

आता खटकलेल्या गोष्टी. एक म्हणजे जवळजवळ सगळी उत्तरं व्हॉइस मेसेजमध्ये. बोलणं छान वाटतं, पण बँकेत बसून ऐकता येत नाही आणि नंतर एखादी गोष्ट शोधायची तर सगळे मेसेज पुन्हा ऐकावे लागतात. माप, किंमत आणि बदलून देण्याच्या अटी तरी त्यांनी लिहूनच द्याव्यात. दुसरं, पेजवरचे फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेले आहेत. मला रंग मधासारखा वाटला होता, प्रत्यक्षात बराच फिकट निघाला. तेल लावल्यावर आणि वापरात तो गडद होतो हे त्यांनी नंतर सांगितलं, फोटोखाली आधीच लिहायला हवं. तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शुगरची, मापाची, अथणीची इतकी मोलाची माहिती ते प्रत्येकाला खाजगीत सांगतात, पेजवर मात्र त्यातलं काहीच नाही. ती वर ठळक लावून ठेवली तर न विचारणाऱ्यालाही मिळेल. आणि विचारायला लाजणारे लोक खूप असतात.

वेळेच्या बाबतीत दहा दिवस सांगितले होते, चौदा लागले. मात्र नवव्या दिवशी त्यांनी स्वतःहून कळवलं की कारागिराच्या घरी लग्न आहे, चार दिवस उशीर होईल.

पार्सल उघडल्यावर ओल्या सालीसारखा वास घरभर पसरला. बाबांनी दोन्ही चपला हातात घेऊन आधी उलट्या केल्या, शिवण बघितली, मग खाली ठेवून पाय घातला. डावी बरोबर बसली. उजव्या चपलेचा कान, म्हणजे बाजूला आलेला चामड्याचा तुकडा, मात्र घोट्याच्या खाली घासत होता. पाचव्या दिवशी रात्री पाय बघताना तिथे लाल झालेलं मला दिसलं. लगेच चप्पल बंद केली आणि फोटो पाठवला. त्यांनी एकही प्रश्न न करता उजवी परत मागवली, कानाची कड कापून, घासून पाठवली. जायचं कुरिअर मी भरलं, यायचं त्यांनी. तो लालपणा दोन दिवसांत गेला. रोज रात्री पाय बघायची डॉक्टरांची अट पाळली नसती तर हे आम्हाला उशिराच कळलं असतं.

सोबत एक चिठ्ठी होती, हाताने लिहिलेली: आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवा, पावसात घालू नका, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा. या तीन ओळींनी माझे पुढचे तीन प्रश्न वाचले.

आठवड्याने त्यांचाच मेसेज आला, "बाबांचा पाय कसा हाय?" बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः उत्तर दिलं. पोस्टातल्या माणसासारखं, मुद्देसूद: पाय ठीक, चप्पल पाऊण तास घातली, आवाज छान येतो, लग्नात घालणार.

आता आईला हवी आहे. तिच्या पायांचा कागद काल रात्री पाठवला. संध्याकाळी उभं करून, पेन्सिल सरळ धरून घेतलेलं माप. सोबत लिहिलं की साखर नाही, टाचांना भेगा आहेत, चप्पल फक्त देवळात जाताना घालेल, आणि अथणीची असली तरी चालेल.