जिप्सी, ५४० की जुनी थार: स्पितीला जुनी गाडी न्यायचीय तर कुठली?

आधीच सांगून टाकतो, मनालीकडून स्पितीत जाताना लागणारा ग्रांफू ते लोसर हा खराब पट्टा तिन्ही गाड्या करतात. छतडू, छोटा धारा, बातल, कुंझुमची खिंड, सगळं. त्यामुळे "कुठली जास्त दणकट" यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. पुण्याहून निघालात तर मनाली दोन हजार किमीच्या आसपास पडतं आणि ज्या दगडधोंड्यांसाठी आपण जातोय तो खरा पट्टा जेमतेम ८० किमीचा. म्हणजे जाऊन-येऊन चार साडेचार हजार किमीपैकी बहुतेक प्रवास हायवेवर, ट्रकच्या मागे, राजस्थानच्या उन्हात. जुनी गाडी निवडताना लोक हेच विसरतात आणि नाल्यातले व्हिडिओ बघून ठरवतात.

कुठल्या तीन गाड्यांबद्दल बोलतोय ते स्पष्ट करतो. एक म्हणजे मारुती जिप्सी, शक्यतो २००० नंतरची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली), १.३ लिटर पेट्रोल, ८० हॉर्सपॉवर. दुसरी महिंद्राची एमएम ५४०, प्युजोचं २,११२ सीसी डिझेल, ६२ हॉर्सपॉवर, टर्बो नाही काही नाही. तिसरी थार सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवालं डिझेल), म्हणजे २०१० ते २०२० मधली, अडीच लिटर, टर्बो, १०५ हॉर्सपॉवर. नवीन थार इथे धरलीच नाही, ती घेणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

हायवेचं आधी घेऊ. ५४० साठ-पासष्टला खुश असते, त्याच्या वर आवाज, थरथर आणि स्टिअरिंगचा प्ले मिळून दिवसाच्या शेवटी खांदे हातात येतात. रोज दहा तास चालवलं तरी मनालीला चार दिवस लागतात आणि मग तुम्ही थकलेल्या अंगाने घाट सुरू करता. जिप्सी ऐंशीला छान जाते पण पाटे (लीफ स्प्रिंग) पुढे-मागे दोन्हीकडे, गाडी हलकी, रिकामी असली की प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचवते, आणि दोघींना कंपनीचं पॉवर स्टिअरिंग नाही. थारला पॉवर स्टिअरिंग आहे, एसी आहे, पुढे टॉर्शन बारवालं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, त्यामुळे तिथे तीन दिवसांत माणसासारखं पोचता येतं. हां, मागे आडव्या सीटवर कोणाला बसवणार असाल तर तिन्हीत सारखाच छळ आहे. आई-वडील किंवा लहान पोरं बरोबर असतील तर मागच्या बाकाचा विचार सोडा, सरळ दुसरी गाडी घ्या.

५४० वाल्यांसाठी एक पर्याय म्हणजे गाडी कॅरिअरवर टाकून चंदीगडला पाठवायची आणि आपण ट्रेनने जायचं. खर्च होतो, नाही म्हणत नाही, पण दोन हजार किमीचं डिझेल, टोल, मुक्काम आणि चार दिवसांची रजा याची बेरीज करून बघा, फरक वाटतो तेवढा राहत नाही.

आता उंची, कारण खरा फरक तिथे दिसतो. कुंझुम साधारण ४,५५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७ टक्क्यांच्या आसपास असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढीच कमी हवा मिळते, म्हणजे ताकद जवळपास ४० टक्के गेली. ५४० चे ६२ चे ३७-३८ झाले, जिप्सीचे ८० चे पंचेचाळीस-सत्तेचाळीस. थारचा टर्बो हे बरंचसं भरून काढतो, चढावर पाय दिला की जाते, बाकीच्या दोघी विचार करतात. पण घाबरू नका, लो रेंज, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचे कमी वेगाचे पण जास्त जोराचे गिअर, त्यासाठीच आहे. पहिला-दुसरा गिअर लो मध्ये टाकून ५४० टुकूटुकू कुंझुम चढते, मागून धूर काळा येतो तो येऊ दे. जिप्सीला मात्र खाली टॉर्क कमी, तिला फिरवत ठेवावं लागतं, आणि कोणी दिसायला भारी म्हणून ३१ इंची टायर लावून गिअरिंगची वाट लावलेली असेल तर ती तिथे रडणार हे नक्की. कंपनीच्या साइजच्या जवळचे चांगले टायर हेच बेस्ट. जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी असेल तर उंचीवर मिश्रण रिच होतं, ट्युनिंग जाणणारा कोणीतरी बरोबर हवा, नाहीतर तो नाद करू नका.

दुसरी गोष्ट कूलिंग. त्या उंचीवर पाणी ८५ डिग्रीलाच उकळतं. रेडिएटरची कॅप दाब धरते म्हणून इंजिन वाचतं, कॅप ढिली असेल तर पुण्यात कधीच न तापलेली गाडी बातलच्या पुढे वाफा सोडायला लागते. नवीन कॅप काहीशे रुपयांत येते. लोक हजारोंच्या लाइटी लावतात आणि ही कॅप बदलत नाहीत, काय बोलणार. जुन्या गाडीला निघण्याआधी रेडिएटर खोलून साफ, होस पाइप नवीन, क्लिपा नवीन, हे तिन्हीला सारखंच, पण ५४० ला जास्त कारण त्या रेडिएटरमध्ये कित्येक वर्षांचा गाळ बसलेला असतो.

सकाळी स्टार्टिंगचं म्हणाल तर कुंझुमजवळच्या चंद्रताल तलावाच्या कॅम्पवर रात्री चांगलीच थंडी पडते आणि प्युजो इंजिन हीटर प्लगवर अवलंबून आहे. चारही प्लग चालू आहेत का ते घरीच बघा, महाराष्ट्रात दोन मेलेले असले तरी कळत नाही, तिकडे बरोबर कळतं. जिप्सी पेट्रोल असल्याने चटकन उठते.

नाले हा सगळ्यांचा आवडता विषय. पागल नाला आणि त्याचे भाऊबंद सकाळी शांत असतात, ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं, दुपारी तीनला जे दिसतं ते सकाळी सातला नसतं. त्यामुळे गाडी कुठलीही असो, पहाटे निघा, यातच निम्मं काम होतं. पाण्यात ५४० ला सगळ्यात कमी टेन्शन, इलेक्ट्रॉनिक्स नाही, स्पार्क नाही, हवा आत जाते तिथे पाणी गेलं नाही म्हणजे झालं. जिप्सी पेट्रोल, पंख्याने पाणी उडवून इग्निशनवर गेलं की मिसिंग सुरू, म्हणून स्पार्क प्लगच्या वायर, कॅप चांगल्या ठेवा आणि पाण्यात जोरात घुसून फवारे उडवायचा मोह आवरा. शिवाय ती हजार किलोच्या आसपास, जोराचा प्रवाह तिला बाजूला ढकलतो. पण हाच हलकेपणा अडकल्यावर देवासारखा धावून येतो. चार-पाच माणसं धक्का मारून जिप्सी काढतात, पावणेदोन टनाची थार दगडात बसली की मग दोरी, दुसरी गाडी आणि अर्धा तास. थारच्या २०१५ नंतरच्या मॉडेलला मागे लॉकिंग डिफरन्शिअल मिळालं, एक चाक हवेत फिरत राहिलं तर ते दुसऱ्याला ताकद देतं, त्याचा इथे खरंच उपयोग होतो, सेकंडहँड बघत असाल तर २०१५ च्या पुढचीच बघा.

नाल्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबत थोडं अंतर चला, विशेषतः ५४० मध्ये, चारही चाकांना ड्रम आहेत आणि ओले ड्रम पहिल्या वळणाला धरतच नाहीत. बाकी दोघींना पुढे डिस्क आहे.

आता बिघाड. ही जागा मी मुद्दाम जास्त घेतोय. कोकसर सोडलं की लोसरपर्यंत नेटवर्क मिळेल असं धरून चालू नका, गॅरेज तर नाहीच, आहेत ते दोन-चार ढाबे आणि येणारे-जाणारे. मदत मिळते, तिकडचे पिकअपवाले थांबतात, पण ते पाना देतील, पार्ट नाही देणार. इथे ५४० सगळ्यात प्रेमळ. डिझेल लाइनमध्ये हवा शिरली तर एअर काढायला एक पाना आणि दहा मिनिटं. पाटा तुटला तर दोरी-लाकडाने बांधून काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, गाठता येतं. आणि स्पितीत महिंद्राचे पिकअप, कॅम्पर गल्लोगल्ली, तिथला मेकॅनिक महिंद्रा डोळे मिटून खोलतो. जिप्सी पण सोपी, सैन्याने वर्षानुवर्षं वापरलेली, त्यामुळे त्या भागात ती कोणाला नवीन नाही. तिचा आणि ५४० चा एक कॉमन रोग म्हणजे पुढच्या चाकांचं वॉबल, ठरावीक स्पीडला खड्डा लागला की स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. किंग पिनचे बेअरिंग, शॅकलचे बुश, टाय रॉड एंड, हे निघण्याआधी पंधरा दिवस करून घ्या आणि मग दोनशे-तीनशे किमी चालवून बघा. निघण्याच्या आदल्या दिवशी काम करून आणलेली गाडी न्यायची नसते, नवीन काम नवीन प्रॉब्लेम दाखवतं.

थारचं उलट. आराम आहे, ताकद आहे, पण ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, काही आवडलं नाही की लाइट पेटते, गाडी आपणहून ताकद कमी करून लिम्प मोडमध्ये जाते आणि तुम्ही वीसच्या स्पीडने डोंगर बघत बसता. बऱ्याचदा कारण क्षुल्लक असतं, फिल्टरमध्ये पाणी, एखादा कनेक्टर सैल. दोन डिझेल फिल्टर जवळ ठेवा, आणि बिघाडाचा कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर घ्या पण तो तुमच्या गाडीशी बोलतो का ते घरी तपासा. आणि टॉर्शन बार पिळून उंच केलेली थार असेल तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे बूट बघा, अँगल वाढला की तेच फाटतात, ग्रीस बाहेर आणि धूळ आत.

तिन्हीत न्यायचं सामान जवळपास सारखं: फॅन बेल्ट, होस, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, पाट्याचा सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट, क्लच-ब्रेकचे किट, ब्रेक ऑइल, फ्यूज, एम-सील, तार, टो स्ट्रॅप आणि शॅकल, जॅकखाली ठेवायला जाड फळी, टायर ट्यूबलेस असला तरी एक ट्यूब, आणि कॉम्प्रेसर. दगडांवर हवा कमी करून वीस-बावीस पीएसआयला आणली तर टायरही वाचतो, माणसंही वाचतात, पण परत भरायला कॉम्प्रेसर नसेल तर कमी करू नका.

इंधनाचं पटकन. मनालीहून काझा १९० किमीच्या आसपास, टाकी मनालीला फुल, पुढचा भरवशाचा पंप काझालाच. जिप्सीची टाकी ४० लिटरची, खराब रस्त्यावर सात-आठचं अ‍ॅव्हरेज धरलं आणि चंद्रतालचा फाटा जोडला तरी पुरतं, पण शिल्लक फार राहत नाही. थारची ६० लिटर, विषय संपला. कॅनमधून न्यायचंच तर डिझेल नेणं पेट्रोलपेक्षा कमी धोक्याचं, हा डिझेलवाल्यांचा अजून एक पॉइंट.

कागदपत्रं हा कंटाळवाणा भाग पण गाडी ठरवताना हाच आडवा येतो. १५ वर्षं झाली की फिटनेस करून आरसी रिन्यू, पाच वर्षांसाठी, वर आपल्याकडे पर्यावरण कर. ५४० घेताना इंजिन नंबर आरसीशी जुळतो का ते स्वतः बघा, कारण अर्ध्याअधिक जीपांमध्ये दुसरंच इंजिन बसवलेलं असतं आणि गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल यावरचे आदेश सारखे वरखाली होतात, त्या भानगडीत न पडता जयपूर, सीकर, हिसार, पतियाळा करत किरतपूरला निघा. रोहतांग पासच्या परमिटलाही १० वर्षांवरची गाडी चालत नाही, पण २०२० पासून अटल टनेल आहे, त्याला परमिट लागत नाही, नऊ किमीत पलीकडे.

दिशेबद्दल एकच आग्रह. मनालीहून थेट पहिल्याच दिवशी चंद्रताल म्हणजे दोन हजार मीटरवरून सव्वाचार हजारावर झोपायला जाणं, डोकं धरून बसाल. जमत असेल तर शिमला, रामपूर, कल्पा, नाको, ताबो, काझा असं हळूहळू चढा आणि कुंझुमवरून मनालीला उतरा, गाडीलाही सवय होते आणि काझाला गॅरेज असल्याने खराब पट्ट्याआधी एक तपासणी होते. वेळ राखीव ठेवा, जुलै २०२३ मध्ये चंद्रतालला जवळपास ३०० लोक बर्फामुळे कित्येक दिवस अडकले होते, त्यात नव्याकोऱ्या गाड्यावाले पण होतेच.

मग घ्यायची कुठली? हायवेने स्वतः चालवत जाणार, दोघं जण, रजा मोजून मिळालेली, तर थार, डोळे झाकून. स्वतः पाना धरता येतो, घाई नाही, किंवा गाडी चंदीगडपर्यंत कॅरिअरवर जाणार असेल तर ५४०, तिच्यात जी मजा आहे ती बाकी दोघींत नाही हे माझं प्रामाणिक मत. जिप्सी मधली आहे, हलकी, सोपी, नाल्यात सावध, पण आता चांगल्या जिप्सीचे भाव इतके चढलेत की नुसत्या या ट्रिपसाठी ती विकत घेणं मला पटत नाही, घरात असेल तर मात्र तीच न्या, दुसरी शोधू नका.

आणि परत आल्यावर गाडी धुऊन लगेच पार्किंगला लावू नका. गरम डिफरन्शिअल थंड पाण्यात गेलं की ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) पाणी आत ओढलं जातं, दोन्ही हाऊसिंगचं ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ दिसलं तर सगळं बदला, व्हील बेअरिंगचं ग्रीस तर तसंही बदला, आणि जिप्सी-५४० असेल तर पुढच्या नकलची (चाक वळतं त्या सांध्याची) सील पण त्याच दिवशी बघून घ्या.